पेशी हुशार असतात, पण त्या व्याख्यान ऐकत नाहीत

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत व्याख्यानमाला, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं आणि योगवर्ग चालवणारे सर्व आयोजक

स. न. वि. वि.

गेल्या काही हंगामांत एक विषय तुमच्या कार्यक्रमपत्रिकांत पक्का बसला आहे. शीर्षक दरवेळी थोडं बदलतं, गाभा तोच: शरीरातल्या प्रत्येक पेशीला बुद्धी आहे, तिच्याशी संवाद साधा, आजार परतवा. नौपाड्यातल्या हॉलपासून नेरूळच्या विरंगुळा केंद्रापर्यंत अशी व्याख्यानं मी शेवटच्या रांगेत बसून ऐकली आहेत. वक्ते वेगळे, स्लाइड बऱ्याचशा त्याच. गर्दी उत्तम. ठाणेकर श्रोता भर पावसातही व्याख्यानाला येतो, वेळेआधी येतो आणि प्रश्नोत्तरांत प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचं छोटं व्याख्यान देऊन मोकळा होतो. या शहराची ही खोड मला आवडते, म्हणूनच हे पत्र लिहिण्याचा खटाटोप.

मी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झाले. विभाग सायटॉलॉजी. नमुन्याच्या स्लाइड रंगवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली या कडेपासून त्या कडेपर्यंत वाचून काढायच्या, शंका येईल तिथे पेनाने ठिपका ठेवायचा आणि डॉक्टरांकडे सरकवायच्या. मला व्यासपीठावरून बोलता येत नाही, पण पेशी बघण्यात आयुष्य गेलं. तेवढ्या हक्काने सांगते की या व्याख्यानांचा पहिला अर्धा भाग बहुतांशी खरा असतो. दुसरा अर्धा त्यातून निघतच नाही. आणि समोरच्या खुर्च्यांत कुणीतरी केमोच्या दोन सायकलांच्या मधल्या दिवसांत असलेलं बसलेलं असतं, नाहीतर त्याची बायको, नाहीतर आई.

विषय बंद करा असं मी म्हणत नाही. तो पूर्ण सांगा, एवढंच मागणं आहे. पहिल्या अर्ध्यापासून सुरुवात करते, कारण तो फार देखणा आहे आणि तुमचे वक्ते नेमका तोच घाईत उरकतात.

गोड्या पाण्याच्या तळ्यांत स्टेंटर नावाचा जीव सापडतो. अख्खा जीव म्हणजे एकच पेशी. आकार तुतारीचा. खालच्या टोकाने काडीला किंवा पानाला चिकटून बसायचं, वरच्या रुंद तोंडाभोवतीची केसांची झालर हलवून पाणी आत ओढायचं आणि त्यातलं खाणं टिपायचं, हा त्याचा दिनक्रम. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ हर्बर्ट स्पेन्सर जेनिंग्ज यांनी त्याच्या तोंडाजवळ कारमाइन या लाल भुकटीचे कण सोडले आणि काय होतं ते १९०६ मध्ये सविस्तर लिहून ठेवलं. स्टेंटर आधी नुसता एका बाजूला वाकला. कण येतच राहिले. मग त्याने झालर उलटी फिरवून पाणी बाहेर ढकललं. तरीही कण येतात म्हटल्यावर अंग आखडून स्वतःभोवती तयार केलेल्या चिकट नळीत शिरला. जरा वेळाने डोकावला, कण होतेच, पुन्हा आत गेला. असं बऱ्याचदा झाल्यावर त्याने काडी सोडली आणि पोहत दुसरीकडे निघून गेला. त्रास एकच, पण उत्तरं बदलत गेली; आधी स्वस्तातली, मग महागडी.

१९६०च्या दशकात हा प्रयोग पुन्हा करून पाहिला गेला, जमला नाही, आणि जेनिंग्ज अडगळीत पडले. त्या प्रयोगात स्टेंटरची जातच दुसरी वापरली होती, जिला एका जागी बसण्यापेक्षा पोहणंच जास्त आवडतं! पुढे २०१९ मध्ये हार्वर्डच्या जोसेफ डेक्स्टर, सुधाकरन प्रभाकरन आणि जेरेमी गुणवर्धना यांनी मूळ जात मिळवून, प्लास्टिकचे अतिसूक्ष्म मणी सोडून पुन्हा पाहिलं. जेनिंग्ज बरोबर निघाले. वाकणं आणि झालर फिरवणं आधी, आखडणं त्यानंतर, जागा सोडणं सर्वांत शेवटी. फक्त आखडायचं की निघून जायचं, या टप्प्यावर मात्र प्रत्येक वेळचा निर्णय छापा-काट्याइतका अनिश्चित होता. एका पेशीच्या वागण्यात इतकी रचना आणि इतकी मोकळीक एकत्र असेल असं मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरं उदाहरण तुमच्या सगळ्या वक्त्यांचं लाडकं, स्लाइम मोल्ड. पावसाळ्यात येऊरला गेलात तर कुजक्या ओंडक्यांवर पिवळी, चिकट, जाळीदार साय पसरलेली दिसू शकते. बुरशी वाटते, बुरशी नसते. त्यातली फायसारम पॉलिसेफॅलम ही जात प्रयोगशाळांत प्रसिद्ध आहे. हातभर पसरली तरी ती एकच पेशी, फक्त आत असंख्य केंद्रकं. जपानच्या तोशियुकी नाकागाकी यांनी २००० मध्ये ती एका चक्रव्यूहात पसरू दिली आणि दोन टोकांना खाणं ठेवलं. तिने बंद गल्ल्यांमधून अंग काढून घेतलं आणि दोन खाण्यांना जोडणारी सर्वांत जवळची वाट तेवढी ठेवली. २०१० मध्ये त्याच गटाने तोक्योच्या आसपासच्या शहरांच्या जागी ओट्सचे ३६ दाणे मांडले. साधारण एका दिवसात या पेशीने जे जाळं विणलं ते तिथल्या रेल्वेच्या जाळ्याशी कार्यक्षमतेत तुलना करण्याजोगं होतं. (ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता उभं राहिल्यावर हा प्रयोग आठवतो आणि मनात नको ते विचार येतात. असो.)

मला मात्र चक्रव्यूहापेक्षा फ्रान्समधल्या तुलूझचा प्रयोग मोठा वाटतो. २०१६ मध्ये ऑद्रे द्युसूतूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्लाइम मोल्डला खाण्यापर्यंत पोहोचायला एक पूल दिला आणि त्या पुलावर क्विनीन किंवा कॅफीन लावलं. दोन्ही कडू, पण त्या प्रमाणात निरुपद्रवी. पहिल्या दिवशी ती पेशी अगदी अंग चोरून, बारीक होऊन पलीकडे गेली. रोज तोच पूल दिल्यावर काही दिवसांत ती बिनधास्त जायला लागली. दोन दिवस कडूपणा दिलाच नाही, तेव्हा पुन्हा बिचकली. आणि क्विनीनला सरावलेली पेशी कॅफीनला मात्र बिचकतच होती, म्हणजे ती नुसती थकली होती असंही म्हणता येत नाही. पुढे असंही दिसलं की सरावलेली पेशी अननुभवी पेशीशी काही तास एकरूप झाली, तर नंतर वेगळी केल्यावर ती अननुभवी पेशीसुद्धा पूल ओलांडताना बिचकत नाही.

हे सगळे जंगलातले, तळ्यातले जीव झाले. आपल्या शरीरातल्या पेशींचं काय? निकोलाय कुकुश्किन आणि त्यांच्या न्यूयॉर्क विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये माणसाच्या मूत्रपिंडाच्या आणि मज्जातंतूंच्या ऊतीतल्या पेशी घेतल्या. दोन्ही मेंदूबाहेरच्या. त्यांना रासायनिक संकेताचे तीन-तीन मिनिटांचे चार ठोके मधे विश्रांती देऊन दिले, आणि दुसऱ्या गटाला तेवढाच संकेत सलग बारा मिनिटं दिला. विश्रांती देऊन शिकवलेल्या पेशींत स्मरणाशी संबंधित जनुक जास्त जोरात आणि जास्त काळ चालू राहिलं. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळं कोंबू नये हे मूत्रपिंडालाही कळतं, असं म्हणायचा मोह होतो.

मक्याच्या दाण्यांवर काम करणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांना १९८३ मध्ये नोबेल मिळालं. त्या वेळच्या भाषणाच्या शेवटी त्यांनी पुढच्या पिढीसाठी काम नेमून दिलं: पेशीला स्वतःबद्दल किती ठाऊक असतं, आणि आव्हान आल्यावर ती ते ज्ञान विचारपूर्वक कसं वापरते, हे शोधा. म्हणजे हा विषय हास्यास्पद नाही आणि आजकालचाही नाही. तुमच्या सभेत कुणी शास्त्राचे निवृत्त प्राध्यापक उठून सगळंच थोतांड म्हणून उडवून लावत असतील, तर त्यांनाही थांबवा.

त्यांचा आक्षेप साधारण असा असतो: गीझरसुद्धा पाणी तापलं की आपोआप बंद होतो, म्हणून त्याला कुणी हुशार म्हणत नाही, पेशीत तर सगळं रसायनशास्त्रच आहे. आक्षेपात दम आहे, पण तो पुरता लागू पडत नाही. गीझर दहा वर्षं वापरला तरी तुमच्या आंघोळीची वेळ शिकत नाही. स्लाइम मोल्ड काही दिवसांत पूल शिकतो आणि गरज संपल्यावर विसरतो. शिवाय आक्षेप घेणाऱ्या प्राध्यापकांच्या मेंदूतही रसायनशास्त्रच चालू असतं.

दुसरीकडे, पेशीतलं प्रत्येक आश्चर्य बुद्धीच्या खात्यात टाकायचीही घाई नको. ऐरोलीच्या खाडीकाठी तिवराचं पान तोडून जिभेला लावा. खारट लागतं, कारण पानातल्या ग्रंथींच्या पेशी मीठ बाहेर टाकतात. थक्क करणारी गोष्ट आहे, पण त्या झाडाने ती त्याच्या आयुष्यात शोधलेली नाही. हजारो पिढ्यांत ज्यांना ते जमलं नाही ती झाडं मेली, ज्यांना जमलं ती उरली. वारशाने आलेली युक्ती आणि जगता जगता केलेलं शिकणं यांत फरक करायला हवा. तुमच्या वक्त्यांच्या यादीत हृदयाचे ठोके, जखम भरणं, तिवर, स्टेंटर सगळं एका माळेत ओवलेलं असतं, आणि माळेच्या शेवटी चेतनेचं पदक लटकतं. पेशीला काही जाणवतं का, यावर शास्त्रज्ञांतच वाद आहे आणि सिद्ध झालेलं काही नाही. माझं मत विचाराल तर पेशींना थोडी, त्यांच्या मापाची बुद्धी आहे असं म्हणायला माझी हरकत नाही. जाणिवेबद्दल मी गप्प बसेन.

आता दुसरा अर्धा.

सभागृहात दिवे मंद होतात, बासरी लागते आणि वक्ता सांगतो, डोळे मिटा, यकृताच्या पेशींना धन्यवाद द्या, गाठीतल्या पेशींना प्रेमाने सांगा की आता परत जा. पेशी ऐकतात, हे विज्ञानाने सिद्ध केलं आहे. आणि मघाच्याच प्रयोगांकडे बोट.

त्या प्रयोगांत एकही पेशी शब्द ऐकून बदललेली नाही. स्टेंटरला कण लागले, स्लाइम मोल्डला क्विनीन लागलं, मूत्रपिंडाच्या पेशींना रसायन लागलं. पेशीला कळतं ते रेणूंमधून, विद्युतभारातून, ताणातून आणि स्पर्शातून. मराठी तिला येत नाही, संस्कृतही नाही. तुमच्या वक्त्यांची आवडती स्लाइड असते दोन डोक्यांच्या प्लॅनेरियाची. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठातल्या मायकल लेव्हिन यांच्या प्रयोगशाळेत या चपट्या कृमीचे तुकडे केले आणि काही तुकड्यांना दोन्ही बाजूंनी डोकी आली. त्यांना पुन्हा साध्या पाण्यात कापलं तरी दोन-दोन डोकीच आली, जनुकांना हात न लावता. प्रयोग खरा आणि विलक्षण आहे. पण तो कसा केला ते स्लाइडवर नसतं. पेशीपेशींमधून जाणाऱ्या विद्युत संदेशांची वाट एका रसायनाने काही काळ अडवली होती. कृमीला कुणी समजावलं नव्हतं.

मनाचा शरीरावर परिणाम होत नाही, असं मी म्हणत नाही. भीती वाटली की कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि ते रोगप्रतिकारक पेशींपर्यंत पोहोचतं. झोप बिघडली तर सगळंच बिघडतं. टाटा मेमोरियलने स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर योगाचा मोठा अभ्यास केला, २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले, आणि योग करणाऱ्यांचे निकाल चांगले दिसले. योगवर्गवाल्या मंडळींनी हे जरूर सांगावं. फक्त पुढचं वाक्य खाऊ नये: तो योग शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांच्या जोडीने होता. आणि नुसत्या आनंदी वृत्तीचं म्हणाल तर अमेरिकेत जेम्स कॉइन यांनी डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या हजाराहून अधिक रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. भावनिकदृष्ट्या बरं असणारे जास्त जगले, असं त्यात आढळलं नाही.

हे मला का लागतं ते सांगते. एका कार्यक्रमानंतर जिन्यात एक बाई भेटल्या. डोक्याला रुमाल. त्यांनी मला विचारलं की रिपोर्टमध्ये गाठ वाढलेली आली, म्हणजे माझ्या पेशींशी मी नीट बोलले नाही का. व्यासपीठावरून कुणी त्यांना दोष दिला नव्हता. पण पेशी तुमचं ऐकतात म्हटलं की न ऐकल्याचा दोष कुणाच्या पदरात पडणार, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि या सगळ्या व्याख्यानांत एक गोष्ट कधीच येत नाही. पेशी बुद्धिमान असेल, तर कर्करोगाची पेशीही बुद्धिमान असणार.

पॅप रंगाने रंगवलेली स्लाइड तुमच्यापैकी कुणी पाहिली आहे का? निरोगी पेशी ऐसपैस पसरलेली असते, निळसर-हिरवी नाहीतर नारिंगी-गुलाबी, मधे छोटंसं आटोपशीर केंद्रक. शेजारी बिघडलेली पेशी आली की नजर आपोआप थांबते. केंद्रक मोठं, गडद, कडा वेड्यावाकड्या, एकीचं माप दुसरीला जुळत नाही. नवशिक्याला ती मोडलेली, चुकलेली, मूर्ख वाटते. मूर्ख ती अजिबात नसते. औषध आत आलं तर ते उचलून बाहेर फेकणारे पंप ती आपल्या पटलावर वाढवते. रक्त कमी पडलं तर संकेत पाठवून जवळच्या रक्तवाहिन्यांना आपल्याकडे वाढायला लावते. जुडा फोकमन यांनी हा विचार १९७१ मध्ये मांडला होता. मारायला आलेल्या टी-पेशीसमोर, म्हणजे रोगप्रतिकारक पेशीसमोर, ती असं प्रथिन धरते की टी-पेशी हात आवरते. टी-पेशींना आवरणाऱ्या अशाच खुणा निष्प्रभ कशा करायच्या, याच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. काही पेशी अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात आणि मग उठतात.

वारशाने आलेलं की शिकलेलं, हा मघाचा निकष इथेही लावायला हवा. यातलं पुष्कळसं शिकणं नसतं, निवड असते. कोट्यवधी पेशींतल्या ज्या एकीकडे योगायोगाने पंप जास्त होते ती औषधातून वाचली, आणि पुढची गाठ तिची झाली. पण सगळंच तसं नसतं. काही पेशी औषध आल्यावर स्वतःचं वागणं बदलतात, कामकाज मंद करतात, वाट पाहतात. तुलूझच्या त्या पुलावर ज्याला शिकणं म्हणायचं, त्याला इथे वेगळं नाव देता येणार नाही.

शरीरात पेशींची हुशारी आवरून धरलेली असते. गर्भात आपल्या बोटांच्या मधे पडदे असतात; तिथल्या पेशी ठरल्या वेळी मरतात म्हणून बोटं सुटी होतात. एका सूक्ष्म कृमीचा, सी. एलिगन्सचा हिशोब तर नेमका माहीत आहे: १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या १३१ वाढीदरम्यान मरतात, प्रत्येक वेळी त्याच. हे काम ज्यांनी उलगडलं त्यांना २००२ मध्ये नोबेल मिळालं. कर्करोगाची पेशी हा मरण्याचा हुकूमच पाळत नाही. तिची बुद्धी शाबूत असते, ती फक्त तुमच्या बाजूने नसते. अशा पेशीला प्रेमाने परत जा म्हणून ती का जाईल? तिच्या दृष्टीने तिचं छान चाललं आहे.

पेशींना खरोखर नवं काही सांगायचं असेल तर काय करावं लागतं, हे पाहायला परदेशात जावं लागत नाही. खारघरच्या टेकड्यांच्या पायथ्याशी टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक केंद्र आहे. भारतातली पहिली कार-टी उपचारपद्धती २०२१ मध्ये तिथे एका रुग्णाला दिली गेली. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी काढायच्या. रोग न करणाऱ्या, मुद्दाम तयार केलेल्या विषाणूमार्फत त्यांच्यात एक नवं जनुक घालायचं. त्यामुळे पेशीच्या पृष्ठभागावर एक नवा ग्राहक, म्हणजे खूण ओळखणारं प्रथिन, उगवतो आणि बी-पेशींवरची सीडी१९ नावाची खूण तिला ओळखू येते; या कर्करोगांत बिघडलेल्या असतात त्या याच बी-पेशी. मग त्या प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि रुग्णाला परत द्यायच्या. पुढचं त्यांच्यावर सोपवलेलं असतं; शोधायच्या त्यांनीच, मारायच्या त्यांनीच, वाढायचंही त्यांनीच. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचारपद्धतीला ऑक्टोबर २०२३ मध्ये देशात मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं.

पेशीच्या हुशारीवर विश्वास टाकणारं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. पण ते चमत्काराच्या सुरात सांगू नका. ही पद्धत ठरावीक प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगांसाठी आहे, स्तनातल्या किंवा फुप्फुसातल्या गाठीसाठी नाही. खर्च मोठा आहे. या पेशी एकदम चवताळल्या तर रुग्णाला तीव्र ताप येतो, रक्तदाब कोसळतो, अतिदक्षता विभागात न्यावं लागतं. सगळ्यांना त्याने बरं वाटतं असंही नाही. वाशीच्या सभागृहातून जेमतेम काही स्टेशनांवर हे काम चालू असताना आपण मात्र व्यासपीठावर बासरी लावून बसतो, याचं मला नवल वाटतं.

एक कोरडी गोष्टही तुमच्या कानावर घालते. आजार बरे करण्याच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दल १९५४ चा एक केंद्रीय कायदा आहे, औषधं आणि जादुई उपाय या दोन्हींना लागू होणारा. त्याच्या परिशिष्टातल्या आजारांत कर्करोग आहे, मधुमेहही आहे. त्यात जाहिरात म्हणजे फक्त वर्तमानपत्रातली नव्हे. नोटीस, पत्रक आणि तोंडी घोषणासुद्धा त्यात येतात. फलकावर मंडळाचं नाव छापताना वक्त्याचं शीर्षक एकदा या नजरेने वाचून घ्या, वकील सभासद असतील तर त्यांना दाखवा. धमकी म्हणून हे लिहीत नाही. आपल्या मंडळांचे कार्यवाह बहुतेक सत्तरीतले असतात, त्यांना कुठल्या चौकशीत कशाला अडकवायचं?

तर मागणं असं. हा विषय ठेवाल तेव्हा वक्त्याबरोबर कर्करोगावर उपचार करणारा एक डॉक्टर व्यासपीठावर बसवा, आणि त्याला आभारापुरतं नको, वक्त्याइतकाच वेळ द्या. वक्त्याला आधीच विचारा की औषधं बंद करा किंवा कमी करा असं तो कुठे सुचवतो का. गोलमाल उत्तर आलं तर ती तारीख दुसऱ्याला द्या. प्रश्न चिठ्ठीवर घ्या. रुमाल बांधलेल्या बाईने माईकवर उभं राहून विचारावं ही अपेक्षा क्रूर आहे, शिवाय चिठ्ठ्यांमुळे प्रश्नाच्या नावाखाली होणारी आपल्या काकांची भाषणंही टळतील. सभागृहाबाहेर टेबल लावून पूरक गोळ्या आणि सीडी विकायची परवानगी देऊ नका.

आणि शाळकरी मुलांना बोलवा. स्लाइम मोल्ड अंधारात, ओल्या कागदावर, ओट्सच्या दाण्यांवर वाढतो. ठाणे-बेलापूर पट्ट्याचा नकाशा काढून स्टेशनांच्या जागी दाणे ठेवले तर रात्रीतून काय होतं ते मुलांनाच बघू दे. फक्त येऊरमधून काही उचलून आणू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे. शैक्षणिक साहित्य विकणाऱ्यांकडे किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत विचारा.

सूक्ष्मदर्शक माझा स्वतःचा आहे, तो घेऊन मी येईन. तळ्याच्या पाण्याचे नमुनेही आणेन, स्टेंटर सापडेलच असं वचन मात्र देत नाही. प्रोजेक्टरला जोडायची केबल आणि एक पक्कं, न हलणारं टेबल तुमच्याकडून लागेल. पुढच्या हंगामाची पत्रिका छापायला जाण्याआधी कळवलंत तर बरं. मानधन नको, परतीची रिक्षा तेवढी बघा, घोडबंदरकडे रात्री कुणी यायला तयार नसतं.

कळावे,

आपली,
एक निवृत्त सायटॉलॉजी तंत्रज्ञ
ठाणे